तक्रारीखाली उपाय

डोंबिवली पूर्व
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

साकेत,

आशीर्वाद लिहीत नाही, तोही तू ब्लॉक करशील. फोन तर ब्लॉक केलाच आहेस. घरच्या ग्रुपमधून निघून गेलास, मेलला उत्तर नाही. राहता राहिलं टपाल. तुमच्या घोडबंदरच्या टॉवरमध्ये शिरायला टपालाला कोणाची परवानगी लागत नाही, ही माहिती मला काल तुमच्या वॉचमननेच दिली.

काल भाऊबीज होती आणि मी गेटवर आले होते, हे तुला ठाऊक आहे. भगवान नावाचा तुमचा तो वॉचमन सज्जन माणूस आहे. त्याने टॅब समोर धरला, "मॅडम, जरा इकडे बघा," म्हणाला आणि माझा फोटो वर तुझ्या मोबाईलवर गेला. हातात करंज्यांचा डबा, ट्रॅफिकमध्ये दीड तास उकडून निघालेला चेहरा. फोटो काही चांगला आला नसणार. दोन मिनिटांनी टॅबवर लाल पट्टी आली : प्रवेश नाकारला. माझ्यापेक्षा भगवानच जास्त ओशाळला. म्हणाला, "कधी कधी चुकून बोट लागतं मॅडम, परत पाठवू का?" मी नको म्हटलं. सख्ख्या भावाचा नकार मी एकदा ऐकून घेईन, दोनदा नाही. डबा त्याच्यापाशी ठेवून आले. तुला पोचला असेल किंवा त्याने खाल्ला असेल, दोन्ही चालेल.

करंज्या निमित्त होत्या. तुझ्या कंपनीची मेल मलाही आली आहे. आपला ‘रांग’ हा प्रोग्राम त्यांना हवा आहे. तू पहिला लेखक, मी दुसरी, म्हणून ३० नोव्हेंबरपर्यंत दोघांनी संमती द्यावी म्हणतात.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण चौदा महिने तू ‘रांग’कडे फिरकला नाहीस आणि माणूस विसरतो. बारा वर्षांपूर्वी कल्याणला डॉ. सोनलच्या दवाखान्याबाहेर पेशंट जिन्यावर बसायचे आणि नंबरावरून भांडायचे. तू तीन आठवड्यांत टोकनचा प्रोग्राम लिहिलास. मी माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो वापरून पाहिला, चुका काढल्या, कसा चालवायचा ते मराठीत लिहिलं. आप्पा तेव्हा होते. त्यांनी विचारलं, हे विकणार का रे? नाही म्हणालास. तूच म्हणालास की सगळं उघडं ठेवायचं, कोणीही घ्यावं, आत काय आहे ते बघावं, मोडलं तर दुरुस्त करावं. आज मुंब्र्यापासून कसाऱ्यापर्यंत एकशे चाळीस दवाखाने ‘रांग’ वापरतात. त्यांचे कॉम्प्युटर दर रविवारी इंटरनेटवरच्या आपल्या जागेवर डोकावतात आणि नवीन काही दिसलं की आपोआप उतरवून घेतात. कोणी विचारत नाही, कारण त्यांचा आपल्यावर विश्वास आहे. त्या जागेची चावी, म्हणजे पासवर्ड, एकट्या तुझ्याकडे आहे. ती कंपनीला दिलीस, तर पुढच्या रविवारी त्या एकशे चाळीस कॉम्प्युटरांत काय उतरायचं ते कंपनी ठरवेल. त्यांच्या मेलमध्ये ‘रुग्णांच्या मोबाईल नंबरांचा अधिक परिणामकारक उपयोग’ असं एक वाक्य आहे. असली वाक्यं मला वाचता येतात.

मी एका शब्दात उत्तर पाठवलं. नाही.

तू काय पाठवणार आहेस? मागच्या वर्षी ‘रांग’च्या तक्रारींच्या पानावर लोकांनी तुला छळलं, मान्य. तो बाळकुमचा हर्षित आणि त्याच्यामागून धावलेले वीस-पंचवीस जण. पण त्यांचा राग दवाखान्यांवर काढू नकोस.

चित्रा


डोंबिवली पूर्व
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

साकेत,

उत्तर नाही. ठीक आहे. तर मग बातम्या ऐक. पूर्वी रविवारी फोनवर तासभर तेच तर करायचो.

आता फ्रिजमध्येही एआय येणार म्हणे. दार उघडलं की आत काय आहे ते सांगणार. दार उघडल्यावर मलाही दिसतं. टोपातलं वरण परवाचं आहे आणि ते कोणी झाकलं नाही, हे सांगत असेल तर विचार करीन. क्लासमधल्या एका मुलीने मोबाईलवर बॅटरीचं, म्हणजे उजेडाचं ॲप घेतलं, तर त्याने तिच्याकडे सगळे फोन नंबर मागितले. तिने दिले. मी विचारलं, अगं उजेड पाडायला तुझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो? तर म्हणते, मॅडम, सगळेच देतात.

‘रांग’च्या तक्रारींच्या पानावर हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या तक्रारी येतात. सभ्य, लांबलचक, मुद्देसूद आणि पूर्ण चुकीच्या. परवा एकाने एका बटणाविषयी दीड पान लिहिलं होतं. ते बटण आपल्याकडे नाहीच. त्यापेक्षा नुसतं ‘चालत नाही’ लिहिणारे परवडले. लोकांना वाटतं, एखादी गोष्ट फुकट मिळाली की देणारा माणूसही तिच्यासोबत फुकट मिळतो. बारा वर्षांत त्या पानावर तीन आभार आलेत आणि त्यातला एक डॉ. सोनलचा आहे.

आपला विनीत म्हणाला, "ताई, कंपनीकडे गेलं तर निदान नीट सांभाळतील तरी. तुम्ही दोघं बोलत नाही, चौदा महिने कोणी हात लावलेला नाही." चुलतभाऊ असला तरी बोलला ते खोटं नाही. मी त्याला म्हटलं, घर झाडून होत नाही म्हणून ते कोणी दुसऱ्याला देऊन टाकत नाही. तो हसला, पण त्याला पटलेलं नाही.

आप्पांचा डबा आठवतो? वर्तकनगरच्या घरी फ्रिजवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकणाला आप्पांनी फट पाडलेली. घरातल्या कोणीही कोणाबद्दलही तक्रार लिहून आत टाकायची. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहायचं. आणि तक्रारीखाली उपाय लिहायचाच, त्याशिवाय आप्पा चिठ्ठी वाचायचे नाहीत. टेलिफोन खात्यात आयुष्यभर नुसत्या तक्रारी ऐकून ते कंटाळले होते. रविवारी पोहे झाले की वाचन. ‘तक्रार : बातम्या लागल्या की या घरात एक गृहस्थ कोणाचं ऐकत नाहीत. उपाय : टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात ठेवावा.’ ही आईची होती. चार माणसांच्या घरात कोणाची चिठ्ठी ते सगळ्यांना कळायचं, पण कळलं असं दाखवायचं नाही, असा आपला शिरस्ता होता.

तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तोंडावर काही बोललं की गाल फुगवून दोन-दोन दिवस अबोला धरायचास. तेच चिठ्ठीतून आलं की मुकाट्याने करायचास. तुझ्याबद्दलच्या बहुतेक चिठ्ठ्या मी लिहिल्या. त्याने तुझं भलंच झालं असं मला अजून वाटतं.

चित्रा


डोंबिवली पूर्व
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

साकेत,

आधीची दोन पत्रं लबाडीची होती. हे सरळ लिहिते, उजव्या हाताने.

बाळकुमचा हर्षित मी आहे.

मागच्या वर्षी जुलैत डॉ. सोनलचा फोन आला. टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका गावातून रखमाबाई नावाच्या आजी तिच्याकडे साखरेच्या औषधाला येतात. त्या दिवशी गर्दी होती, त्यांचं टोकन एकशे चार. पडद्यावरची आपली ‘रांग’ मात्र नव्व्याण्णवनंतर पुन्हा एकवर गेली. एकशे चार काही येईना. आजी सकाळी नऊपासून चारपर्यंत उपाशी बसून राहिल्या. कोणाला विचारलं नाही, कारण नंबर आल्याशिवाय उठायचं नाही असं आपणच त्यांना शिकवलं होतं. चार वाजता त्या बाकावरून खाली पडल्या. वाचल्या. सोनलने तिथल्या तिथे सांभाळलं.

मी तुला सांगितलं, तू म्हणालास बघतो. दोन आठवड्यांनी विचारलं, बघतो. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू अबोला धरला असतास. म्हणून मी हर्षित झाले. बाळकुम अशासाठी, की तिथे इतके नवे टॉवर उठलेत की कोण कुठला हे कोणी विचारत नाही. तक्रारींच्या पानावर मी नव्या नावाने लिहायला लागले. डब्यात चिठ्ठी टाकतेय असंच मनात होतं. पण आपल्या डब्यातली चिठ्ठी चौघांत वाचली जायची आणि वर सगळे पोह्यांच्या ताटल्या धुवायला एकत्र उठायचे. हे पान सगळं जग वाचतं, एवढी साधी गोष्ट क्लास चालवणाऱ्या बाईला कळली नाही.

पहिल्या दोन तक्रारी सभ्य होत्या. तिसरीत लिहिलं, ज्याला वेळ नाही त्याने चावी धरून बसू नये. त्याला चोवीस अंगठे आले. मग लोक तुटून पडले. कोणी तुला आळशी म्हणालं, कोणी तुझा ऑफिसातला फोटो शोधून आणून त्यावर विनोद केले. त्यांना मी थांबवलं नाही. खरं सांगू, मला ते अंगठे आवडले. माझ्या बोलण्यावर आजवर इतक्या लोकांनी कधी मान डोलावली नव्हती.

आता उरलेलं. हर्षितची चौथी आणि शेवटची तक्रार १९ ऑगस्टची आहे. आदल्या दिवशी विनीतने मला सांगितलं होतं की क्षिप्राला सातव्या महिन्यातच ॲडमिट केलंय, बाळाचं काही खरं नाही आणि तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून आहेस. मला माहीत होतं, तरी लिहिलं. स्वतःची समजूत काय घातली ते ऐक : हर्षितला कुठे माहीत आहे.

चार दिवसांनी तू त्याच बाकावरून टोकनची चूक दुरुस्त केलीस, खाली ‘यापुढे मी नाही’ एवढंच लिहिलंस आणि गेलास.

रखमाबाईंची बाजू मी आजही सोडणार नाही. दुरुस्ती व्हायला हवी होती, तू टाळत होतास, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. नाव लपवलं त्याची मागते. आणि १९ ऑगस्टची मागते, तुझी आणि क्षिप्राची, दोघांची. तुमची संचिता आता पंधराव्या महिन्यात असेल. मी तिला एकदाच पाहिलंय, विनीतच्या फोनवर, तेही त्याने घाईघाईने पुढचा फोटो सरकवायच्या आत.

चित्रा


डोंबिवली पूर्व
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

साकेत,

तुला एकट्याला सांगून भागणार नव्हतं. ज्या पानावर केलं त्याच पानावर बोलायला हवं होतं. शनिवारी ‘रांग’च्या तक्रारींच्या पानावर, माझ्या पूर्ण नावाने, क्लासचा पत्ता घालून लिहिलं की हर्षित म्हणजे मी, साकेतची मोठी बहीण, त्याच्या बरोबरीने हा प्रोग्राम बनवणारी, आणि त्याच्या घरी काय चाललं होतं ते मला माहीत होतं.

मग काय विचारतोस. मागच्या वर्षी ज्यांनी तुला आळशी म्हटलं, तेच आता मला कैकेयी म्हणतात. एकाने लिहिलं, असल्या बाईच्या क्लासला मुलं कोण पाठवतं? एकाने माझा फोटो शोधला. २००९ मधला आहे, त्यात मी बरी दिसते, राहू दे. आपल्या वर्तकनगरच्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवरही ते पोचलं, सकाळच्या फुलांच्या दोन फोटोंच्या मध्ये. तिथल्या एका काकूंनी फोन करून सांगितलं, "अगं, ते काढून टाक, चार दिवसांत लोक विसरतील." मी काढणार नाही. तुझ्याबद्दलचं ते सगळं चौदा महिने तिथेच आहे, ते कोणी काढलं नाही. माझंही राहील तिथेच.

क्लासच्या दोन मुली सोडून गेल्या. एका मुलीची आई मात्र म्हणाली, राहू दे बाई, निदान खरं तरी बोललात. तिला चहा पाजला.

आता दुसरं. तुझ्या कंपनीने फोन केला होता. एका गोड आवाजाच्या मुलाने समजावलं की मॅडम, तुमची प्रतिमा आता थोडी अडचणीत आहे, अशा वेळी एखाद्या मोठ्या नावाखाली आलात तर सगळं शांत होईल. मी म्हटलं, बाळा, माझी प्रतिमा माझ्याकडेच राहू दे आणि ‘रांग’ही.

तू चावी देणार की नाही, मला माहीत नाही. देऊ नकोस असं म्हणते, पण भीक मागत नाही. माझी सोय मी करतेय. आजवरची ‘रांग’ उघडी आहे, तिची प्रत माझ्याकडे आहे आणि ती चालवायला मला कोणाची परवानगी लागत नाही. क्लासमधली शिवानी आणि मी रोज दुपारी दवाखान्यांना फोन करतो, रविवारचं ते आपोआप उतरवणं बंद करायला सांगतो. कसं करायचं ते फोनवर समजावताना एकेका दवाखान्याला वीस मिनिटं जातात. बदलापूरचे एक डॉक्टर माऊस कुठला ते विचारत होते. बासष्ट झाले, अठ्ठ्याहत्तर राहिलेत. ३० तारखेपर्यंत सगळे होणार नाहीत, मला हिशेब कळतो. तरी करणार. तू चावी दिलीस तर जितके वाचवता येतील तितके दवाखाने मी माझ्या प्रतीवर नेईन आणि वर नाव माझंच घालीन, म्हणजे शिव्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न लोकांना पडायला नको.

कंपनीला हव्या असलेल्या मोबाईल नंबरांत रखमाबाईंचाही आहे, साकेत. त्यांनी तो औषधासाठी दिलाय.

चित्रा


डोंबिवली पूर्व
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

साकेत,

काल पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत वहीचं अर्धं पान, त्यावर पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं अक्षर. क्लास भरलेला होता. शिवानीला म्हटलं जरा बघ आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ते तुझ्याच शब्दांत इथे उतरवून ठेवते, म्हणजे नंतर तू नाकबूल व्हायला नको.

‘तक्रार : घरातली एक व्यक्ती दुसऱ्याच्या नावाने बोलते. हर्षितच्या प्रत्येक तक्रारीखाली उपाय लिहिलेला होता. तसं लिहिणारी माणसं जगात चारच होती, त्यातली दोन गेली आणि एक मी. पहिल्याच तक्रारीला ओळखलं. बाकी लोकांचं काही वाटलं नाही, ते परके होते. एकोणीस तारखेलाही मला माहीत होतं की ही ताई आहे. चौदा महिने वाट पाहिली की ती स्वतः सांगेल. भाऊबीजेला गेटवर फोटो आला, ती तोवरही काही बोलली नव्हती. बोट चुकून लागलं नव्हतं.

उपाय : चावी दोघांच्या नावावर केली आहे. यापुढे दोघांनी हो म्हटल्याशिवाय ‘रांग’मध्ये काही हलणार नाही. कंपनीला नाही कळवलं आहे. नोकरीचं काय होईल ते होईल, क्षिप्रा म्हणते बघू. दवाखान्यांना फोन करणं थांबवावं, डॉक्टर लोक मलाच उलटे फोन करत आहेत. रविवारी घरी यावं. करंज्या भगवानने दोन खाल्ल्या. उरलेल्यांचं सारण संचिताने चाटून संपवलं.’

सही नाही, नियमाप्रमाणे.

मी रडले, हे लिहून टाकते, कारण तुला ते कळल्याशिवाय राहणार नाही आणि विनीत वाढवून सांगेल. मला वाटत होतं की मी तुला फसवलं. तू मात्र पहिल्या दिवसापासून मला बघत होतास. ऑगस्टमध्ये त्या बाकावर बसून, कोण लिहितंय हे माहीत असून, तू माझ्या चौथ्या तक्रारीचा उपाय वाचलास आणि त्यात लिहिलं होतं तसंच केलंस. मी आत्ता जाऊन ताडून पाहिलं. एकेक ओळ मी सुचवली तशीच आहे. लहानपणी चिठ्ठी आली की करायचास तसं, मुकाट्याने. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

तुझे उपाय मान्य आहेत, एक सोडून. फोन थांबवणार नाही. एकशे अकरा झाले, एकोणतीस राहिलेत. आपोआप काय आत येतं हे त्या डॉक्टरांना कळायलाच हवं, चावी आपल्याकडे असली तरी. तुला उलटे फोन येत असतील तर घे. एवढं तरी कर.

आणि त्या एआयवाल्या फ्रिजबद्दल तू काहीच बोलला नाहीस. रविवारी बोलावं लागेल.

येताना दोन डबे आणते. एकात करंज्या आहेत, या खेपेला भगवानसाठी वेगळ्या बांधल्या आहेत. दुसरा माळ्यावरून काढला, घासून-पुसून घेतला, फटीपाशी थोडा गंजलाय. तो तुमच्या फ्रिजवर ठेवायचा. संचिता लिहायला लागेपर्यंत आपण तिघं वापरू, पण आता नावं घालून, ज्याच्या त्याच्या नेहमीच्या हाताने.

गेटवर फोटो काढायला मी सरळ उभी राहीन. नाकारायचं असेल तर या खेपेला नीट बघून नाकार.

तुझी,
ताई